हरवलेल्या पुस्तकांचा परिच्छेद

"हा परिच्छेद काढून टाका, ढवळे मॅडम." प्राचार्यांनी लेखाचं शेवटचं पान टेबलावरून पुढे सरकवलं. "पुस्तकं चोरीला गेली, हे जगाला कशाला सांगायचं?"

कॉलेजच्या ग्रंथपाल रेवती ढवळे यांनी वर्षभरापूर्वी पुस्तकांच्या कपाटांची कुलपं काढली होती. मुलं आता स्वतः पुस्तकं चाळत, तिथेच मांडी घालून वाचत बसत. वाचन दुपटीने वाढलं, काही पुस्तकं मात्र गायब झाली. ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहिलेल्या लेखात त्यांनी दोन्ही गोष्टी मांडल्या होत्या.

"अर्धंच लिहिलं तर ते खोटं होईल, सर."

"मग त्यात कॉलेजचं नाव नको. उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची."

रेवतीबाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. तरीही जागेवर येऊन त्यांनी कॉलेजचं नाव खोडलं, तिथे घरचा पत्ता टाकला आणि बाकी लेख जसाच्या तसा पाठवून दिला. मग त्यांना एकदम मोकळं वाटलं.

लेख स्वीकारला गेला. संपादकांनी कळवलं, "नुकसान न लपवणारा लेख आमच्याकडे क्वचितच येतो." बातमी कॉलेजभर झाली, तसे प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले.

"मॅडम, छापण्याआधी कॉलेजचं नाव तेवढं घाला."

"घालते की. पण मग हरवलेली पुस्तकंही कॉलेजचीच."

प्राचार्यांनी उघड्या कपाटांकडे पाहिलं. "बरं," ते पुटपुटले.

"आणि कुलपं परत लागणार नाहीत, सर," रेवतीबाई म्हणाल्या. "तेही आत्ताच सांगून ठेवते."