सर्व्हरला झेंडूचा हार

लोअर परळच्या ऑफिसात आता एकटे रघुवीर सावंतच येतात. बाकी सगळे घरून काम करतात. प्रत्येकाचा कॉम्प्युटर म्हणजे आता ऑफिसातल्या एकाच सर्व्हरमधला एक कोपरा, आणि तो सर्व्हर सांभाळतात रघुवीर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दादरहून झेंडू आणला. सर्व्हरला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि फोटो ग्रुपवर टाकला. "तुमच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरची पूजा झाली. पेढे आणलेत, येऊन घेऊन जा."

धडाधड बदाम आले, जोडलेले हात आले. रघुवीर पेढ्यांचा बॉक्स उघडून दाराकडे तोंड करून बसले.

मग पूर्वी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रितीचा मेसेज आला.



"अय्या काका, आपलं ऑफिस अजून आहे?"