बाहीचं कापड

कापडाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत ताणली जात होती आणि मागे उभा असलेला कापडवाला श्वास रोखून बघत होता.

पट्टीला आधीच कातरीने चीर दिलेली होती. वरचा जबडा वर सरकत गेला, काटा थरथरत पुढे गेला आणि खुणेच्या जरा अलीकडे कापड टर्रकन फाटलं.

"नापास," ती म्हणाली.

"बाई, तिसऱ्यांदा नापास करताय."

"तिसऱ्यांदा फाटलंय."

कापडवाला म्हातारा, गोडबोल्या. त्याच्या बोलण्याला भुलायचं नाही, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना नवे गणवेश द्यायचे होते. जुन्यांच्या बाह्या फार फाटतात म्हणून कारखान्याने या वेळी अट कडक केली होती, आणि कापड तपासायचं काम तिच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं.

"इतकी वर्षं हेच कापड देतोय मी," तो म्हणाला. "कापडानं कधीतरी हार मानलेली बरी असते, बाई."

"मग पिशव्या शिवा त्याच्या. भाजीचं ओझं झालं की हार मानतील."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे फिस्सकन हसले. कापडवाला हसला नाही. त्याने फाटकी पट्टी उचलली, खिशात घातली आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे निघाला.

थोड्याच वेळात तिला बोलावणं आलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण वाद दिसला की चष्मा पुसायला घ्यायचे. आताही पुसत होते.

"किती कमी पडलं?"

"थोडं."

"मग थोडं सोडून द्या ना. कारखान्याला घाई आहे. उद्या ते दुसरीकडे गेले तर आपण काय, माश्या मारत बसायचं?"

तिने मागचं दार लोटून घेतलं. ही गोष्ट तिने इथे कुणाला सांगितलेली नव्हती.

"माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात आहे, सर."

साहेबांचा हात थांबला. "मग तुम्ही ही तपासणी घ्यायलाच नको होती."

"द्या दुसऱ्याला. पण जो कोणी पास करेल, त्याला मी भावाची बाही आणून दाखवीन."

महिन्या-दोन महिन्यांनी भाऊ फाटकी बाही घेऊन घरी यायचा. मनगटापासून कोपरापर्यंत लोंबणारी, आणि आत हातावर लालभडक ओरखडे. कारखान्यात कोठारात काम करतो, असं तो घरी सांगायचा. "कुठं रे अडकलास आता?" आई विचारायची. "दाराला," तो म्हणायचा. कधी खिळ्याला, कधी ढकलगाडीला. मग हसत जेवायला बसायचा आणि आई सुईत दोरा ओवायची. बहिणीचा मात्र जीव खालीवर व्हायचा. आज ओरखडा आहे. एखाद्या दिवशी खिळा सरळ मांसात शिरेल. आणि कापड तपासणारी सख्खी बहीण असून काय उपयोग?

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "लिहा नापास," ते म्हणाले. "होईल ते होईल."

नंतर कापडवाल्याने नवं कापड आणलं. जाड, घट्ट विणीचं, नायलॉनचा धागा घातलेलं. जबडा वर गेला, काटा खूण ओलांडून पुढे गेला, यंत्र कुरकुरलं, तरी चीर होती तिथून इंचभरही हलली नाही. शेवटी पट्टीच जबड्यातून निसटली.

"झालं समाधान?" कापडवाल्याने विचारलं.

झालं होतं. इतकं, की तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं.

गणवेश वाटले त्या दिवशी भाऊ नवा शर्ट घालूनच घरी आला. मनगटाशी बटण लावून, नियमाप्रमाणे.

"ओढ ती बाही," ती म्हणाली. "ओढ ना! लाव जोर."

त्याने ओढली. मग दोन्ही हातांनी आईने ओढली. शिवणसुद्धा उसवली नाही.

"नाहीच का फाटत?" त्याने विचारलं.

"तुझ्या बहिणीने पास केलंय, फाटेल कसं?" आई म्हणाली.

भाऊ काहीतरी बोलणार होता. पण आई तिच्या तोंडावरून हात फिरवत होती, सुईदोऱ्याला आता सुट्टी म्हणत होती. त्याने बाही सारखी केली. "छान आहे, ताई," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवताना फारसा हसला नाही.

प्रयोगशाळेत फोन आला तेव्हा ती हातमोज्यांचं कातडं तपासत होती. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं.

"ताई, मी कारखान्यातून बोलतोय, त्याच्याच खात्यातला. तुम्ही लगेच दवाखान्यात या. त्याचा हात रोलरमध्ये गेला."

"रोलरमध्ये? तो कोठारात असतो!"

"कोठारात? नाही हो. पहिल्यापासून माझ्याशेजारी रोलरवरच आहे तो, रबर लाटायला."

"पण हात आत गेला कसा?"

"बाही ओढली गेली, ताई. आमची सगळ्यांचीच जाते अधूनमधून, त्याची तर कितीदा गेली." माणूस थांबला. "आज ती फाटली नाही."