येमावरची चांदणी

"एक शब्द दाखवा. अख्ख्या कोशातला एकच, चांदणी नसलेला. मी आत्ता सही करते," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढून बसल्या.

आदिमानवांकडे तसा शब्द नव्हता, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. मागच्या चार कपाटांत सहाशे बारा शब्दांची कार्डं होती आणि झाडून सगळ्या शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीची चांदणी. भाषांच्या अभ्यासात तसा दंडकच आहे. जो शब्द कुणी बोलताना ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, नुसता अंदाजाने बांधलाय, त्याला चांदणी लावायची. या गृहस्थांची तर अख्खी भाषाच अंदाजाची, बारा हजार वर्षांपूर्वीची. आज जगभर पसरलेली चार मोठी भाषाकुळं तिच्याच पोटची, हे सिद्ध करता करता त्यांचे केस गेले, दातही बरेचसे गेले. संस्थेत सगळे पाठीमागे त्यांना आदिमानव म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

बाई समोरच्याच खोलीत बसायच्या. सत्तावीस वर्षं त्यांचं एकच पालुपद, की इतकं जुनं काही उरत नाही, हे सगळे हवेतले इमले. आणि आता नेमक्या त्याच प्रकाशन समितीच्या प्रमुख. आदिमानव महिनाअखेर निवृत्त होणार होते, खोली दुसऱ्या विभागाला जाणार होती. कोश छापायला आज बाईंची सही झाली नाही तर कार्डं खोक्यांत जाणार आणि खोकी तळघरात. तळघरात गेलेलं काही परत आल्याचं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

आदिमानवांनी खाकरून सांगितलं की येमा हा शब्द ते स्वतः रोज वापरतात. येमा म्हणजे पाणी. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारून ज्याने काही मागता येत नाही तो शब्दच नव्हे, असा त्यांचा हेका. म्हणून अठरा वर्षं ते चहावाल्या मावशींकडे येमाच मागत आले होते.

"तुमचं तुम्ही बोललेलं धरता येत नाही," बाई म्हणाल्या. "बाप पोराला हुशार म्हणतो म्हणून कुणी मार्क देत नाही."

हे आदिमानवांना पटलं, पंचाईत तीच झाली. ते कपाटांकडे बघत राहिले. बाईंना, खरं सांगायचं तर, जिंकल्याचा आनंद काही होईना.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. ट्रे टेकवतात न टेकवतात तोच त्यांचा फोन वाजला. सुनेचा होता. साहेबांसमोर बोलायला नको म्हणून त्या दारापर्यंत गेल्या, आवाज मात्र होता तेवढाच राहिला.

"येमा आलं का गं? मग आधी पिंप भर. आणि छोट्याला उकळलेलं येमाच दे, खोकतोय तो."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

मावशी वळून बघतात तर दोघंही त्यांच्याकडे टक लावून. आता बोलणी बसणार असं वाटून त्या कामावर फोन घेतल्याची माफी मागायला लागल्या. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, वही उघडली आणि चौकशी सुरू केली. घरात माणसं किती? सात. सगळे येमा म्हणतात? सगळे. खालच्या मजल्यावरचेसुद्धा, कारण नळ एकच. नातवाला तर पाणी हा शब्द शाळेत गेल्यावर कळेल. पण हे घरी नेलं कशाला, असं बाईंनी विचारलं तेव्हा मावशी लाजल्या.

"साहेब एवढे शिकलेले, आणि रोज तसंच मागतात. म्हटलं, चांगल्या घरांत तसंच म्हणत असतील. पोरांना वळण लागलेलं बरं."

आदिमानवांनी डोक्याला हात लावला. हे मुळीच धरता यायचं नाही म्हणाले, ही लागण त्यांच्यापासूनच झालेली, पुरावा नासला. बाई म्हणाल्या, का नाही धरायचं? सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच आदिमानव आपल्याच शब्दाविरुद्ध तावातावाने बोलत होते आणि बाई त्याची बाजू घेऊन भांडत होत्या. बारा हजार वर्षांपूर्वी कुणी येमा म्हणत होतं हे त्यांना आजही मान्य नव्हतं, उद्याही होणार नव्हतं.

"पण चांदणीचा नियम कधी बोलले ते विचारत नाही. कुणी बोलताना ऐकलं का, एवढंच विचारतो. मी ऐकलं. माझ्या या कानांनी."

त्यांनी येमाचं कार्ड पुढे ओढलं आणि खोडरबर घेतला. पेन्सिल फार जुनी, दोनदा घासावं लागलं. मग त्यांनी सही केली. आदिमानवांना इतका आनंद झाला की ते आभार मानायचंही विसरले.

मावशींना एवढंच कळलं की कुणी रागावलेलं नाही. धीर येऊन त्यांनी पुढचं सांगितलं. छोटा काही पूर्ण येमा म्हणत नाही, नुसतं येम म्हणतो, आणि त्याचं ऐकून सूनही हल्ली येमच म्हणायला लागलीय.

आदिमानव ताडकन उठले. भाषा बदलत होती, म्हणजे जिवंत होती. त्यांनी कोरं कार्ड घेतलं, येम लिहिलं, आणि हात सवयीने चांदणी काढायला वर गेला. बाईंनी तो वरच्यावर धरला. मग दोघंही हसायला लागले ते थांबेचनात, आणि चहाचा घोट घशात अडकून बाईंना जोराचा ठसका लागला.

मावशी पाठ थोपटायला धावल्या. बाईंचे डोळे पाण्याने भरले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. एक हात त्यांनी ट्रेवरच्या तांब्याकडे केला.

"येम," त्या कशाबशा म्हणाल्या. "मावशी, येम द्या."