उसनी झोप

किमोनंतर मंदाकिनीची झोप उडाली आणि आठवणीही गळायला लागल्या. म्हणून आता रोज रात्री दोघांच्या डोक्यांवर तारांनी जोडलेल्या यंत्राच्या टोप्या घालून तिच्या नवऱ्याची, दिगंबररावांची झोप तिच्यात भरली जायची. झोपेबरोबर नवऱ्याच्या आठवणीही थोड्या सांडायच्या. सकाळी उठून ती दाढीचा ब्रश शोधायची, त्यांच्या जुन्या साहेबाला शिव्या हासडायची. दिगंबरराव पोट धरून हसायचे.

आज चहा घेताना ती ओरडली, “अहो, आपलं लग्न आठवलं!”

इतके दिवस ते याचीच वाट बघत होते. “सांग ना!”

“अंतरपाट बाजूला झाला आणि समोर एक पोरगी! नथ सावरत, घाबरून हसत होती. काय गोड होती हो! कुठं असते ती आता?”

दिगंबररावांनी बशी खाली ठेवली.

“इथंच असते,” ते म्हणाले. “मधे जरा आजारी होती.”