खिडकीतली फिल्म

भिवाजी कमरेखाली लुळा पडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेमागून औषध टोचलं, टेबल तिरपं केलं आणि एक्स-रे काढला. पांढरं औषध मणक्यातून उतरत एका गाठीवर अडलं होतं.

"वाटीच्या काठासारखं थांबलंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे गाठ मज्जारज्जूच्या आत नाही, बाहेर आहे. ती काढता येते. चालाल तुम्ही."

बायको लिलाबाई तिथंच ढसाढसा रडली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती. केनवडला परतल्यावर तिनं एक्स-रेची फिल्म खिडकीच्या गजाला बांधली. घरात फोटो आला की गाव तो बघायला येतंच.

तिसऱ्या सकाळी फिल्ममधली पांढरी रेघ गाठीच्या बाजूनं बोटभर खाली उतरलेली दिसली. त्याच सकाळी भिवाजीचा अंगठा हलला.

लिलाबाई कोणाला बोलली नाही. रेघ रोज उतरत गेली, पाय रोज थोडे उठत गेले. आठव्या दिवशी रेघ तळाला पोचली आणि भिवाजी अंगणात फिरू लागला.

"पाय कसे हलके वाटून राह्यले वं!" तो बाहेरून ओरडला. भाकरी थापता थापता ती हसली.

तेवढ्यात शेजारची चंपाबाई आली. "पाहू दे वं मले," म्हणत तिनं फिल्म सोडवली आणि उजेडाकडे धरली. उलटी.

"डोकं इकडून हाय काय?"

पांढरी रेघ सावकाश मानेकडे ओघळू लागली.

अंगणातली पावलं थांबली.