ऋतोन म्हणजे काय?

“बाबा, आज टाळाटाळ चालायची नाही. माझ्या नावाचा अर्थ काय?”

मुलानं अर्ज टेबलावर पसरला. उद्या नोंदणी कचेरीत बाळाचं नाव द्यायचं होतं, आणि ते आपल्या नावाशी जुळणारं हवं असा त्याचा हट्ट होता.

म्हातारा चष्मा पुसत राहिला. एका डॉक्टरकडे पुड्या बांधण्यात त्याची उभी हयात गेली होती. घरीदारी सगळे अजून त्याला कंपाउंडरच म्हणत.

“तीन शब्दकोश पालथे घातले,” मुलगा म्हणाला. “ऋतोन कुठेच नाही. शाळेत पोरं मला रताळं म्हणायची, तेव्हापासून विचारतोय.”

“नाव तुझ्या आईनं ठेवलं.”

“मग तिला विचारलं असेल ना तुम्ही?”

सून बाळाला थोपटत हसली. “विचारतायत! आईंपुढे बाबांची काय टाप होती? तुम्हाला नुसतं ‘बाळ’ म्हणाले, तरी त्या आतून ओरडायच्या, ‘नावानं हाक मारा!’”

खोटं नव्हतं ते. शेवटच्या दुखण्यात घोटभर पाणी हवं असलं तरी ती म्हणायची, “सांगा की तुमच्या ऋतोनला.” ‘तुमच्या’वर जोर देऊन.

ती जाऊन वर्ष झालं होतं. आता बोलून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले. मग त्यानं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हा तुटला, तर या वयात आपलं म्हणायला दुसरं कोण होतं?

“ऋत म्हणजे सत्य,” तो म्हणाला. “त्यावरून… सत्याला धरून राहणारा.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” मुलगा बायकोकडे वळला. “मग आपला हा ऋतज. सत्यातून जन्मलेला!”

“म्हणजे रताळ्याचा वेल,” ती म्हणाली.

हसत हसत त्यानं अर्जावर नाव लिहिलं.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. ऋतोन हा शब्द त्यानं पहिल्यांदा वाचला होता तो दवाखान्याच्या कपाटात, गर्भ पाडायच्या गोळ्यांच्या बाटलीवर. इतक्यात मूल नको म्हणून ती घरी आणून त्यातल्या उरलेल्या चार गोळ्या त्यानं बायकोच्या नकळत तिच्या दुधात विरघळवल्या होत्या. गोळ्या लागू पडल्या नाहीत, आणि रिकामी बाटली तिला सापडली.