एकशे बारा नंबरची डबी

"काका, मी चोर आहे," असं ती दारातूनच म्हणणार होती. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण दुकानात पाऊल टाकलं तर काका खोक्यांच्या गराड्यात मांडी घालून बसलेले, आणि आधी तोंड त्यांनीच उघडलं.

"या, मागचं पान. आठ वर्षांनी वाट सापडली म्हणायची."

हे नावही त्यांनीच ठेवलेलं. नऊ वर्षांची असताना ती शाळा सुटली की थेट या कॉम्प्युटर गेमच्या दुकानात यायची. घ्यायची काहीच नाही. फळीवरच्या डब्या उलट्या करायची आणि मागचं पान वाचत उभी राहायची. एका डबीचं तर तोंडपाठ होतं. बुडालेलं शहर, विझलेला दिवा आणि तो पेटवायला निघालेली एक मुलगी. डबी नंबर एकशे बारा.

एका दुपारी ती डबी तिच्या दप्तरात गेली. घरी कडी लावून उघडते तो काय, आत डिस्कच नाही. नुसतं बारा पानांचं बुकलेट. फळीवर डब्या आणि माल काकांच्या ड्रॉवरमध्ये, ही दुकानाची रीत बिचाऱ्या चोराला कुठून माहीत असणार? दुकान चोरावर मोर निघालं होतं.

त्यानंतर ती या गल्लीकडे फिरकली नाही. बुकलेट मात्र सुटं होईपर्यंत वाचलं. सातव्या पानावर एकच ओळ होती, 'तिसरी चावी कुठे आहे ते विहिरीला विचारा.' विहीर काय सांगत असेल? या एका प्रश्नापायी ती शाळेच्या लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग शिकली. मॅडम म्हणायच्या, मुलगी फार अभ्यासू आहे.

आता दुकान बंद होत होतं. लोक घरबसल्या गेम उतरवून घेतात, दुकानाची पायरी कोण चढतो? जुने गेम जमवणारा कोणी हौशी माणूस सगळा माल एकगठ्ठा नेणार होता. त्याची गाडी चार वाजता यायची होती. आत्ता साडेतीन झाले होते.

काका ड्रॉवरमधून एकेक पाकीट काढत होते. डिस्क आणि बुकलेट रिकाम्या डबीत घालायचं, डबी टप्पकन मिटायची, नंबर म्हणायचा, खोक्यात ठेवायची.

"एकशे दहा. एकशे अकरा." टप्प. "एकशे तेरा."

मधला नंबर ते न अडखळता ओलांडून गेले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने दप्तरातून डबी काढली आणि त्यांच्या गुडघ्याजवळ ठेवली.

"ही तुमची. मी उचलली होती. लहान होते, कळत नव्हतं, असलं काही सांगणार नाही. चांगलं कळत होतं."

काकांनी डबी कानाशी हलवली. आत खुळखुळलं.

"अगं, हिच्यात डिस्क आहे."

"ती माझी आहे. म्हणजे मी बनवलीय. बुकलेट वाचून गेम जसा असेल असं वाटलं, तसा. तुमच्या दहा मिनिटांत टिकतो का बघा."

दहा मिनिटं हा दुकानातला कायदा होता. कोणाचीही वापरलेली डिस्क आली की काका ती कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गजर लावून दहा मिनिटं चालवायचे. अडखळली तर घरी परत, मग ती सख्ख्या मेहुण्याची का असेना.

ते कमरेवर हात ठेवून उठले. गजर लावला. बुडालेलं शहर पडद्यावर आलं. ती मागे उभी राहिली आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून दप्तराचा पट्टा पिळत राहिली. काका गल्ल्यांतून पोहले, दोन चाव्या पटापट मिळवल्या आणि विहिरीपाशी पोचले. 'तिसरी चावी कुठे आहे?' त्यांनी टाइप केलं.

'आधी तू सांग,' विहीर म्हणाली, 'माझं पाणी शहरात कोणी सोडलं?'

काकांची बोटं थांबली. गजर वाजला. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी घड्याळाच्या डोक्यावर टपली मारली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

बाहेर गाडीचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कुठे ते उठले.

"घरी आणखी एक कॉपी आहे ना तुझ्याकडे?"

"दोन आहेत."

"मग ही जाते." त्यांनी डिस्क डबीत बसवली, वर ते सुटं झालेलं बुकलेट नीट ठेवलं आणि टप्पकन मिटली. "एकशे बारा."

"अहो काका, असं कसं? ही खरी नाहीये. तो माणूस घरी जाऊन लावून बघेल. खऱ्या गेममध्ये विहीर काय म्हणते, ते तरी सांगा."

"मला काय विचारतेस? खरी डिस्क तडकलेलीच आली होती. बदलून मागवली तर कंपनीच बुडालेली. आमच्याकडे हा गेम कधी कोणी खेळलेलाच नाही."

"मग विकायला नव्हतीच, तर डबी फळीवर कशाला ठेवली होती?"

काकांनी डबी एकशे अकरा आणि एकशे तेराच्या मध्ये सरकवली. घट्ट बसली.

"तू रोज येऊन तेच एक मागचं पान वाचायचीस. म्हणून बुकलेट ड्रॉवरमधून काढून डबीत ठेवलं. म्हटलं, पोरगी कधीतरी उघडून बघेल आणि पुढचंही वाचेल."